काकू, सरकार विधवांना विसरत नाही

आधी आकडा सांगते. ५९,६५० रुपये. त्यातले २७,३८० इन्कम टॅक्सचं रिटर्न भरून देणाऱ्या एका माणसाने नेले आणि ३२,२७० सरकारने. दोघांपैकी जास्त राग कुणाचा येतो, ते अजून माझं मलाच ठरवता आलेलं नाही.

लिहू की नको असं वर्षभर चाललं होतं. भाऊ म्हणाला, गप्प बस, लोक हसतील. हसू देत. आमच्या बँकेच्या रांगेत माझ्यासारख्या अजून चाळीस बायका उभ्या असतात आणि त्यातल्या चौघींनी तरी त्याच माणसाकडून रिटर्न भरून घेतलंय. त्या बोलत नाहीत.

मी अडाणी नाही, हे आधीच सांगून ठेवते. हे सरकारी नोकरीत, महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. पासबुकं, विम्याचे हप्ते, घरपट्टी, सगळं मीच बघायचे. फक्त इन्कम टॅक्सचं रिटर्न हे स्वतः भरायचे, कारण त्यांना त्यात गंमत वाटायची. ११ फेब्रुवारी २०२२ ला हे गेले आणि ती गंमत माझ्या गळ्यात पडली.

मला फॅमिली पेन्शन महिना ३१,५००, म्हणजे वर्षाला ३,७८,०००. ग्रॅच्युइटीचे, विम्याचे आणि गावाकडची जमीन विकली त्याचे पैसे मुदत ठेवीत. त्याचं २०२२-२३ या वर्षाचं व्याज ३,६०,००० झालं आणि बँकेने त्यावर दहा टक्क्यांनी ३६,००० टीडीएस, म्हणजे सरकारकडे आधीच भरायचा कर, कापला. हा कापलेला आकडाच अशा माणसांना लांबून दिसतो.

नोव्हेंबर २०२२. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेले होते. बाहेर छत्रीखाली टेबल, लॅपटॉप, ‘पेन्शनरांची सर्व कामे’ असा बोर्ड. शेजारच्या वहिनींनीच ओळख करून दिली. तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली, पाणी दिलं. बँकेत दीड तास उभी होते, तिथे कुणी बस म्हणालं नव्हतं. “काकू, सरकार विधवांना विसरत नाही. फॅमिली पेन्शनला वेगळी वजावट आहे. कुणी सांगतच नाही तुम्हाला.”

आणि हे खरं होतं! म्हणून तर फसले. वजावट आहेच. तेव्हाच्या कायद्याच्या कलम ५७ खाली, पेन्शनचा एक तृतीयांश किंवा १५,०००, यातलं जे कमी असेल ते. (आता नव्या, म्हणजे कमी दराच्या आणि कमी वजावटींच्या करपद्धतीत ही मर्यादा २५,००० आहे, २०२४-२५ या वर्षापासून.) बस, एवढीच. नवऱ्याला त्याच्या पेन्शनवर जी स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट वजावट, मिळायची ती आपल्याला मिळत नाही, कारण त्याची पेन्शन पगारात धरतात आणि आपली ‘इतर उत्पन्नात’. कुणी तुम्हाला फॅमिली पेन्शनवर पन्नास हजार किंवा पंच्याहत्तर हजार वजा करून देतो म्हणाला, की तिथूनच उठा.

जुलै २०२३ मध्ये रिटर्न भरायला त्याच्या गाळ्यात गेले. तोवर छत्रीचा गाळा झाला होता, टेबलफॅन आला होता, भिंतीवर गणपती आला होता. त्याने माझं पॅन घेतलं, आधार घेतलं. आधारला अजून ह्यांचाच मोबाइल नंबर जोडलेला होता. तो फोन मी पर्समध्ये घेऊनच फिरायचे, बंद करवत नव्हता. त्यावर तीनदा ओटीपी आला, तीनदा मी वाचून दाखवला. एकदा तरी विचारायला हवं होतं की बाबा, एका रिटर्नला तीन ओटीपी कशाला? त्यातल्या एका ओटीपीने त्याने पोर्टलवरच्या माझ्या खात्यात स्वतःचा मोबाइल आणि भलताच ईमेल घातला. म्हणजे पुढे खात्याने जे काही मला कळवलं, ते त्याला कळवलं.

पण खरी चूक ही नाही.

त्याने हिशेबाचा कागद छापून समोर ठेवला. गरम कागद, कडा वळलेल्या. खाली ‘रिफंड ३६,०००’. वरच्या ओळीत ८०सी, म्हणजे बचतीची आणि विम्याची वजावट, १,५०,०००. त्याखाली ८०डीडीबी, १,००,०००. मी बोट ठेवून विचारलं, “हे एक लाख कसले?” तो आवाज खाली आणून म्हणाला, “काकांचं डायलिसिस नाही का? त्याचीच तर खास तरतूद आहे.”

माझे डोळे भरून आले. मी पुढे काही विचारलंच नाही. अकरा महिने, आठवड्याला तीन डायलिसिस. बिलांची कापडी पिशवी मीच त्याच्याकडे आणून दिली होती. प्रत्येक बिल मी तारखेप्रमाणे लावलेलं. शेवटचं बिल ९ फेब्रुवारी २०२२ चं. आणि समोरचा कागद होता १ एप्रिल २०२२ पासूनच्या वर्षाचा. त्या वर्षात आमच्या घरी कुणाचंच डायलिसिस झालं नव्हतं. घरात मी एकटीच होते.

तारखा मला पाठ होत्या. आजही आहेत. कागद डोळ्यासमोर होता, बोट आकड्यावर होतं, आणि तरी मला दिसलं नाही. का? तर कुणीतरी ह्यांच्या आजाराची आठवण ठेवली, याचंच बरं वाटलं. दीड लाखाच्या ८०सीचंही तसंच. माझं ना पीपीएफ, ना विमा. “काकू, ते सगळ्यांना लावतात.” लावतात म्हणे!

ऑगस्टमध्ये खात्यात व्याजासकट ३६,९०० आले. त्याने वीस टक्के म्हणजे ७,३८० घेतले आणि फॉर्मची फी १,५००. मी पेढे नेले होते त्याला. हे लिहिताना हात थरथरतोय, पण नेले होते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये दुसरा गळ टाकला. “काकांच्या नावचे मागच्या सहा वर्षांचे रिफंड वारस म्हणून तुम्हाला मिळतील, साधारण दोन लाख.” पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी करता येते हेही खरंच आहे. त्याच्या प्रत्येक थापेला खऱ्याची किनार होती. पण हे स्वतः दरवर्षी रिटर्न भरायचे, त्यांचे रिफंड राहतील कसे, हे मला सुचायला नको? डिपॉझिट म्हणून १२,००० आणि मग ६,५०० पाठवले. यूपीआयवर नाव एका बाईचं आलं. विचारलं तर म्हणाला, मिसेसचं खातं. पैसे घेणाऱ्याचं नाव आणि समोरच्याचं नाव वेगळं असेल तर बोट तिथेच थांबवा. जानेवारीत फोन बंद. जूनमध्ये गेले तर गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकायला ठेवलेली.

जुलै २०२४ मध्ये भाच्याच्या ओळखीच्या सीए मुलीकडे गेले. तिला लॉगिन होईना. पासवर्ड त्याचा, मोबाइल त्याचा, आणि आधारवरचा ह्यांचा नंबर रिचार्ज न केल्याने तोवर बंद पडलेला. आधार केंद्रात ५० रुपये भरून नंबर बदलला, मग ती आत शिरली. दहा मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणाली, “काकू, त्या वर्षी नवी पद्धत निवडली असती तर तुमचा कर ३७,७५० झाला असता. ३६,००० कापलेलेच होते. फक्त १,७५० भरायचे होते.”

१,७५०. एवढ्यासाठी.

आता ती पद्धत मागे जाऊन निवडता येत नाही, त्या वर्षी ती मुदतीतल्या रिटर्नबरोबरच निवडायची होती. म्हणजे जुन्या पद्धतीने, खोट्या वजावटी काढून, खरी पंधरा हजारांची आणि ठेवीच्या व्याजाची पन्नास हजारांची तेवढी ठेवून कर ४६,३८०. त्यातून टीडीएस वजा, आलेला रिफंड परत, मिळून ४७,२८०. ती म्हणाली, ‘अपडेटेड रिटर्न’ लगेच भरा, ३१ मार्च २०२५ च्या आत पंचवीस टक्के जादा कर लागेल, नंतर पन्नास.

तेव्हाच भरायला हवं होतं. नाही भरलं. का नाही भरलं ते ऐका, कारण इथे चूक माझी एकटीची नाही.

पोलीस ठाण्यात गेले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे तुमच्या खात्यात पैसे आले ना? मग फसवणूक कसली?” डिपॉझिटचे १८,५०० दाखवले तर म्हणाले, “स्वतःच पाठवलेत की.” दोन हवालदार माझ्यासमोरच बोलत बसले, फसवणुकीचं जुनं कलम ४२० लावायचं की नव्या कायद्याचं ३१८. शेवटी काहीच लावलं नाही, साधा अर्ज लिहून घेतला. वर सल्ला दिला, तपास चालू आहे तोवर टॅक्स भरू नका, भरलात तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल. खाकीतल्या माणसाने सांगितलं म्हणून मी थांबले. कुणीही थांबलं असतं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. तिथल्या मुलीने निदान नीट ऐकलं, पण पैसे जाऊन आठ महिने झालेत, आता गोठवायला काही उरलं नसेल म्हणाली. ज्याला गरज पडेल त्याने पहिल्या तासात तिथे फोन करावा, माझ्यासारखा पावसाळा उलटल्यावर नाही. बँकेत गेले तर, “तो आमचा माणूस नाही.” तुमच्या पायरीवर वर्षभर टेबल मांडून बसला होता, तुमच्या शिपायाशी चहा पीत होता, पण तुमचा नाही.

आयकर कार्यालयात चार खेपा घातल्या. पहिल्या खेपेला साहेब नाहीत. दुसऱ्याला “हे सगळं बंगळुरूला होतं, इथे काही नाही.” तिसऱ्याला सांगितलं ऑनलाइन तक्रार टाका. टाकली. उत्तर आलं की रिटर्न करदात्याने स्वतः ओटीपी देऊन पडताळलेलं आहे, सबब तक्रार बंद. चौथ्या खेपेला एका बाईंनी फाईल न उघडता विचारलं, “सही करताना वाचलं नव्हतं का?” बाई, वाचलं होतं. तेच तर.

पुढे जुलै २०२५ मध्ये पेपरात आलं की आयकर खात्याने असल्याच खोट्या वजावटी लावणाऱ्या एजंटांवर देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी केली. म्हणजे वरच्यांना हा धंदा चांगला माहीत आहे. मग खालच्या टेबलावर मलाच का चोर ठरवलं?

या खेपांत ३१ मार्च उलटून गेला. जून २०२५ मध्ये भरले: ४७,२८० आणि पन्नास टक्के जादा कर २३,६४०, एकूण ७०,९२०. त्यातून आलेला रिफंड ३६,९०० आणि तसेही भरायचेच होते ते १,७५० काढले, की सरकारने नेलेले ३२,२७० उरतात. मार्चच्या आत भरले असते तर ११,८२० वाचले असते. एक ठेव मुदतीआधी मोडली. आणि हे सुटकेचं म्हणायचं. खात्याने स्वतःहून पकडलं असतं तर चुकीची माहिती दिली म्हणून कराच्या दोनशे टक्क्यांपर्यंत दंड लागतो. तेव्हा तुमच्या रिटर्नमध्ये खोटं काही असेल तर पोलिसांची वाट बघू नका, आधी भरा, मग भांडा.

आज संध्याकाळी एक काम करा. पोर्टलवरच्या तुमच्या प्रोफाइलमध्ये मोबाइल आणि ईमेल कुणाचा आहे ते बघा, मुलाला बघायला सांगा. आधारला गेलेल्या माणसाचा नंबर असेल तर बदलून घ्या. मन होत नाही, मला माहीत आहे, तरी बदला. आणि रिफंडवर टक्केवारी मागणाऱ्याकडे जाऊच नका. सरळ काम करणारा कामाची फी घेतो, मग रिफंड येवो की न येवो. २०२५-२६ पासून तर नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत उत्पन्नाला कर शून्य आहे. आपल्यातल्या बहुतेक साठीपुढच्या बायकांनी एप्रिलमध्येच बँकेत ‘मला कर लागत नाही, टीडीएस कापू नका’ असा फॉर्म (२०२५-२६ पर्यंत त्याला १५एच म्हणायचे) दिला तर टीडीएस कापलाच जाणार नाही, आणि रिफंड मिळवून देतो म्हणणाऱ्याला काही दिसणारच नाही.

बिलांची पिशवी त्याच्याकडेच राहिली. वहिनी आता माझ्याशी बोलत नाहीत, मी त्यांचं नाव पोलिसांना सांगितलं म्हणून. सांगितलं, हो. आणि परवा ठाण्यातून फोन आला की अर्ज निकाली काढलाय, दफ्तरी दाखल करायचाय, येऊन सही करून जा. मी विचारलं, कसली सही? तर म्हणे, “अहो, तुमचं समाधान झालं म्हणून.”

गेले नाही अजून.