बाहेरचा फ्युएल पंप बसवतो म्हणून 18,650 ला गंडवलं, जुन्या मारुती 800 वाल्यांनो वाचा

सांगली-मिरजेत कोणाकडे जुनी कार्बोरेटरवाली 800 असेल तर हे वाचाच. माझी 1997 ची, रीपासिंग केलेली. उन्हात गरम झाली की बंद पडायची, थोडं थांबलं की परत चालू. शंभर फुटी रोडच्या बाजूच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडल्या उघडल्या निकाल दिला, काका एसी पंप (इंजिनावर चालणारा मेकॅनिकल फ्युएल पंप) गेलाय, ओरिजिनल आता मिळत नाही, बाहेरून इलेक्ट्रिक पंप मारू, व्हेपर लॉकची (गरमीने पाईपातच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो ती) कटकट कायमची गेली. आता ह्यात सगळंच खोटं नाही, व्हेपर लॉकवर लोक इलेक्ट्रिक पंप बसवतातच, म्हणूनच तर शहाणा माणूस पण फसतो.

हिशोब असा: इम्पोर्टेड पंप 9,500, प्रेशर रेग्युलेटर 2,800, रिले-फ्यूज-वायरिंग 1,850, पाईप-क्लिपा 1,500, मजुरी 3,000. 10,000 ॲडव्हान्स, 8,650 गाडी नेताना. पैसे मेव्हण्याच्या नंबरवर जीपे करा म्हणाला. (असल्या नंबरवर एक रुपया टाकू नका, पुढे कळेलच का.)

गाडी घ्यायला गेलो तेव्हा पंप कुठे होता माहितीये? पुढे, इंजिनच्या शेजारी, तापलेल्या लोखंडाला खेटून! अहो हा पंप ढकलतो चांगलं, ओढतो वाईट, म्हणून तो मागे टाकीजवळ आणि खालच्या अंगाला लावतात, हे मला माहिती होतं. वर चावी फिरवल्यावर घूंऽऽ असा बारीक आवाज. कार्बोरेटरचा साधा पंप बहुतेक टकटक वाजतो, असं किंचाळतो तो फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे बिनकार्बोरेटरच्या गाडीचा. पंपाचा खोका मागितला तर म्हणे कचऱ्यात गेला, जुना पंप मागितला तर भंगारवाला घेऊन गेला, आणि नव्या पंपाच्या स्क्रूवरसुद्धा सिल्व्हर रंग मारलेला. सगळं दिसत होतं डोळ्यासमोर. पण संध्याकाळी घरच्यांना घेऊन विट्याला लग्नाला पोचायचं होतं, गाडी एका स्टार्टरला सुरू झाली, अशा वेळी कोण वाद घालत बसतं सांगा?

वाटेत ट्रॅफिकमध्ये पेट्रोलचा वास मारायला लागला. बॉनेट उघडलं तर कार्बोरेटर ओव्हरफ्लो होऊन पेट्रोल गरम इंजिनावर टपकतंय आणि गाडीत बायको-पोरं. मिरजेतल्या एका जुन्या मिस्त्रींनी उघडून दाखवलं. भंगारातला इंजेक्शनचा पंप रंगवून बसवलेला, कार्बोरेटरला 3-4 पीएसआय दाब लागतो, हा 40 च्या वर मारणारा, कार्बोरेटरातली पेट्रोल अडवणारी नीडल काय रोखणार त्याला. रेग्युलेटर नाहीच, रिले नाही, फ्यूज नाही, थेट इग्निशनची वायर. म्हणजे ठोकर बसून इंजिन बंद पडलं तरी चावी चालू असेपर्यंत हा पेट्रोल ओततच राहणार. जुना मेकॅनिकल पंप इंजिनावरच चालतो, इंजिन थांबलं की तोही थांबतो. आणि मूळ रोग काय तर टाकीजवळच्या रबरी पाईपला चीर, हवा ओढत होता! पाईप 240, "मिळत नाही" तो एसी पंप 1,150, मजुरी 600. झालं काम.

गॅरेजवाला म्हणतो बिल दाखवा. बिल कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर, ना शिक्का ना सही. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे हा सिव्हिल मॅटर आहे काका, आणि पैसे गॅरेजच्या नावावर कुठे गेलेत, ते तर दुसऱ्याच माणसाला गेलेत. वर एकाने विचारलं, गाडीत बदल करायची परमिशन घेतली होती का? म्हणजे चोर सोडून मलाच धरायचं! अर्ज घ्या म्हटलं तर साहेब बंदोबस्ताला, पोच द्या म्हटलं तर शिक्का आतल्या कपाटात आणि चावीवाला रजेवर. दुसऱ्या एका ऑफिसात मॅडमनी टेबलावरनं मान वर न करता सांगितलं, आमच्याकडे येत नाही हे. मग कोणाकडे येतं? आमचे टॅक्स बरे येतात तुमच्याकडे. माणूस गाडीत जळून मेला असता तर मात्र पंचनाम्याला सगळे धावत आले असते.

आता जिल्हा ग्राहक आयोगात टाकतोय. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील नसला तरी चालतं. 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनवर पण नोंदवा. पक्कं जीएसटी बिल घ्या, पंपाचा नंबर बिलावर लिहून घ्या, फिटिंगचे फोटो काढा. पंप बदला म्हणाला की आधी पाईप तपासायला लावा. आणि जुना पार्ट हातात पडेपर्यंत उरलेले पैसे सोडू नका, माझा पंप त्याने कुठल्यातरी 800 वाल्याला "ओरिजिनल" म्हणून विकला असणार, मेल्याने.