घामोळ्यांवर कॅलामाइन लोशन: सोलापूरचा अख्खा उन्हाळा वापरल्यानंतर

मार्च ते जून वापरल्यावर मत पक्के आहे: कॅलामाइन खाज शमवते, घामोळे बरे करत नाही. ओलसर राहून फुगलेल्या कातडीमुळे आणि मृत पेशींमुळे घामाच्या नलिकेचे तोंड बुजते आणि घाम आतल्या आत झिरपतो. अंग गार नि कोरडे राहिले तरच ही वाट मोकळी होते, त्याला काही दिवस जातात. तोवर चुणचुण सुसह्य करणे एवढेच लोशनचे काम, आणि ते चोख करते.

बाटलीमागचे लेबल वाचूनच घ्या. बऱ्याच लोशनांत ८ टक्के कॅलामाइनसोबत १० टक्के लाइट लिक्विड पॅराफिन असते. कोरड्या त्वचेला ते ठीक. घामोळ्यांवर मात्र हा तेलकट थर नको. तळाशी गाळ बसणारे, बिनतेलाचे लोशन निवडा.

बाटली जोरात हलवा, नाहीतर नुसते वरचे पाणीच लागते. गार पाण्याने अंघोळ, पंच्याने टिपून कोरडे (घासू नका), मग कापसाने पातळ हात, दिवसातून दोन-तीनदा. दहा मिनिटे वाळल्याशिवाय सदरा चढवू नका. जुना थर धुतल्याशिवाय नवा लावला की पापुद्रे सुटतात आणि खाज वाढते. यंत्रमागाच्या शेडमध्ये कामाची पाळी चालू असताना लावणे तर वायाच: घाम, कापसाची तूस आणि लोशन यांचा लगदा होतो. पाळी सुटल्यावर, अंघोळीनंतरच लावा. फार दिवस लावल्यास त्वचा ताणल्यासारखी कोरडी पडते, हा याचा खरा दोष.

एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात कूलरने लोशनपेक्षा जास्त आराम पडतो. जूनमध्ये हवा दमट झाली की तोच कूलर खोलीत ओल साठवतो. तेव्हा पाणी बंद, नुसता पंखा आणि खिडकी उघडी.

दवाच्या थेंबांसारखे, न खाजणारे फोड आले तर काहीच लावू नका, आपोआप जातात. लाल, टोचणाऱ्या पुरळावर हे लोशन उपयोगी. कातडीच्याच रंगाच्या टणक पुळ्या आल्या, तिथे घाम येईनासा झाला आणि उन्हात गरगरू लागले तर अडथळा खोलवर आहे: काम थांबवा, सावलीत या, दवाखाना गाठा. पू धरला तरी डॉक्टरच. तान्ह्या बाळाला बोरिक अ‍ॅसिडची पावडर अजिबात नको. दुपटी कमी करा, सुती झबले घाला.