दंडाचं डिजिटल बीपी मशीन, सहा महिन्यांनंतर: गोळी बदलल्यावर उभ्यानेही मोजा

सहा महिन्यांच्या वापरात मशीनने दगा दिला नाही, खोट निघाली ती सोबतच्या, दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यात. तो बहुधा 22 ते 32 सेंमी घेराच्या दंडासाठी असतो. दंड त्याहून जाड असेल तर आकडा खोटाच वाढलेला येतो, आणि त्यावर विसंबून डोस वाढला की म्हाताऱ्या माणसाला चक्कर ठरलेली. आधी टेपने दंडाचा मधला घेर मोजा. मनगटाचं मशीन तर नकोच; हात जरा खाली राहिला तरी आकडा चढतो.

बसून मोजायची रीत सगळ्यांना ठाऊक असते, पाळत कुणी नाही: लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीला लावून 5 मिनिटं गप्प बसायचं. सकाळी गोळीआधी दोनदा, मध्ये 1 मिनिट सोडून, संध्याकाळी तसंच. असे 7 दिवस, पहिला दिवस वगळून सरासरी.

पण गोळी किंवा डोस बदलल्यावर एवढ्याने भागत नाही; उभं राहिल्यावर बीपी पडतंय का तेही बघावं लागतं. 5 मिनिटं आडवं झोपवून मोजा, पट्टा न सोडता उभं करा, 1 आणि 3 मिनिटांनी पुन्हा मोजा. शेजारी धरायला माणूस हवाच. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टरांना कळवा, बसल्यावर 130/80 असलं तरी. बीपीसाठीची लघवी वाढवणारी गोळी आणि प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन एकत्र चालू असतील तर हे हमखास तपासा. जेवणानंतरच्या दोन तासांतही काहींचं बीपी पडतं. स्वतःहून गोळी मात्र बंद करू नका. काही गोळ्या अचानक थांबवल्या की बीपी उसळतं.

अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात, दुसऱ्या दिवशीच्या आकड्यावर निकाल देऊ नये. दोन आठवड्यांनंतरही आकडा उतरेना तर गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक चालू आहे का बघा; या वेदनाशामक गोळ्यांनी बीपी चढू शकतं. उलट फारच उतरला तर औषधांचा डबा उघडा: गोळ्यांची जुनी पट्टी तशीच पडलेली असते आणि नाव वेगळं, औषध तेच अशा दोन्ही गोळ्या पोटात जातात.

मशीनची सरासरी बसलेले-उभे आकडे एकत्र करते, म्हणून ती निरुपयोगी. दोन माणसांसाठी वेगळी मेमरी असेल तर दुसरी फक्त उभ्याच्या आकड्यांसाठी ठेवा.