टर्मक्स: जागलीवरून कोड पाठवणाऱ्याचा अभिप्राय

माझ्याजवळ लॅपटॉप नाही. चार जीबी रॅमचा मोबाईल आहे आणि हरभऱ्याला ओलीत करायला रातच्या लाईटची वाट पाहत मचाणावर बसायचं काम आहे. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या वावरात दोन हंगाम टर्मक्स वापरलं, म्हणून लिहितो.

टर्मक्स म्हणजे अँड्रॉइडवर चालणारं लिनक्सचं टर्मिनल, हुकूम टाइप करून काम करायची खिडकी. फोन रूट करावा, म्हणजे त्याचं कुलूप तोडून पूर्ण ताबा घ्यावा लागत नाही. मी एफ-ड्रॉइड या मोफत ॲपच्या दुकानावरून घेतलं. 'पीकेजी इन्स्टॉल गिट' मारलं की कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट बसतं, जावास्क्रिप्ट चालवणारं नोडही तसंच.

आता काम कशाचं, तर मजुरीच्या हिशोबाचं एक ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं ॲप मी बाबाच्या फोनमध्ये टाकून दिलं होतं. बाबाचा कीबोर्ड मराठी. त्यानं वेचणीचे '४२' किलो टाकले की ॲप म्हणे आकडा चुकीचा. ॲप जावास्क्रिप्ट भाषेत, तिला '४२' हा आकडा वाटतच नाही, नंबर करायला गेलं तर 'नॅन' (आकडाच नाही) हाती येतं. पायथन या दुसऱ्या भाषेला मात्र हेच बरोबर कळतं! युनिकोड या अक्षरांच्या यादीत देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, इंग्रजी शून्याचा ४८. दर अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की झालं. चार ओळींचं काम.

वावरात रेंज नसते, पण गिटचं त्यावाचून अडत नाही. कमिट, म्हणजे बदलाची नोंद, फोनमध्येच होतं, सकाळी दूध घालायला फाट्यावर गेलो की पुश, म्हणजे ते नेटवर चढवणं. क्लोन करताना, म्हणजे प्रकल्पाची प्रत उतरवताना 'डेप्थ १' लावा, जुना सगळा इतिहास उतरत नाही, डेटा वाचतो. कोड जिथं ठेवतात त्या गिटहब साइटनं पुशसाठी पासवर्ड १३ ऑगस्ट २०२१ पासूनच बंद केलाय, त्याऐवजी टोकन नावाची किल्ली करून घ्या. मी हे न वाचता फाट्यावर अर्धा तास पासवर्ड ठोकत उभा होतो, दुधाची कॅन हातात.

दुसरी चूकही माझीच. पाठवायच्या आधी कोडची मांडणी आपोआप नीट करणारा फॉरमॅटर चालवला आणि चार ओळींच्या दुरुस्तीत सहाशे ओळी लाल-हिरव्या, म्हणजे बदललेल्या, झाल्या. प्रकल्प सांभाळणाऱ्यानं शांतपणे कळवलं, लागतं तेवढंच पाठव आणि दुरुस्ती चालते का ते तपासणारी एक टेस्ट जोड. परत केलं.

टर्मिनलमध्ये मराठी मजकूर नीट दिसत नाही. दर अक्षराला ठरावीक चौकट, त्यात 'वेचणी'ची मात्रा भलतीकडे जाते. दोष टर्मक्सचा कमी, टर्मिनल या प्रकाराचाच जास्त. अंक धड दिसले म्हणून निभलं. आवाज कमी करायचं बटण कंट्रोलचं काम करतं, हे सोयीचं आहे, पण थंडीत बोटं गारठली की त्यासोबत 'सी' दाबलं जातं अन् चालती टेस्ट बंद.

पाचपैकी चार चांदण्या. फोनला वायरनं लागणारा ओटीजीचा स्वस्त कीबोर्ड जोडलात तर साडेचार.

दुरुस्ती अकराव्या दिवशी मर्ज झाली, म्हणजे मूळ ॲपच्या कोडात घेतली गेली. मी मचाणावरूनच बाबाला ओरडून सांगितलं.

"याचे पैसे गिन भेटते का रे?"

"नाही."

"मंग खाली उतर अन् पाणी पाय. धुऱ्यावर चाललं सारं."