नेमेसिस मागावर असताना: 'रेसिडेंट इव्हिल 3' आठ महिने खेळल्यावर

आठ महिन्यांपूर्वी मी हा गेम दोन्ही रूपांत एकापाठोपाठ खेळायला घेतला. एक 1999 चा मूळ गेम, जो सप्टेंबर 2024 मध्ये पीसीसाठी पुन्हा विक्रीला आला, आणि दुसरा एप्रिल 2020 चा रिमेक. आतापर्यंत मूळ गेम सहा वेळा आणि रिमेक चार वेळा पूर्ण केला आहे. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर ग्राफिक्स, कंट्रोल्स, गेमची लांबी असं सगळं लिहिलं असतं. आता लिहायला बसलो तर डोक्यात फक्त नेमेसिस आहे.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1998 चा सप्टेंबर संपत आलाय. अमेरिकेतलं रॅकून सिटी हे काल्पनिक शहर अम्ब्रेला या औषध कंपनीच्या टी-व्हायरसमुळे झोंबींच्या ताब्यात गेलंय. जिल व्हॅलेंटाइन ही 'स्टार्स' या विशेष पोलीस पथकातली. दोन महिन्यांपूर्वी जंगलातल्या हवेलीत तिने अम्ब्रेलाची प्रयोगशाळा डोळ्यांनी पाहिली, म्हणजे ती साक्षीदार. साक्षीदार संपवायला कंपनीने जो राक्षसी सैनिक पाठवला, तो नेमेसिस. अख्ख्या गेममध्ये त्याच्या तोंडून एकच शब्द निघतो: स्टार्स.

मूळ गेममध्ये तो पहिल्यांदा भेटला तेव्हा मला जे वाटलं ते नीट सांगायला हवं. या मालिकेत दार म्हणजे सुटका असायची. दार उघडण्याचं ते संथ दृश्य खरं तर मागे पुढची खोली लोड व्हावी म्हणून असायचं, पण खेळणाऱ्याच्या मनात तो सुटकेचा क्षण झाला होता. झोंबी कितीही मागे लागला तरी दार ओलांडलं की संपलं. 1998 च्या दुसऱ्या गेममध्येही टायरंट, म्हणजे अम्ब्रेलाने घडवलेला अवाढव्य माणूसरूपी राक्षस, यायचा, पण तो एका पात्राने गेम संपवून दुसऱ्या पात्राने खेळायच्या कथेतच आणि ठरावीक जागी. नेमेसिसला मी पोलीस ठाण्याच्या पॅसेजमध्ये चुकवलं, दार ओलांडलं, कंट्रोलरवरची पकड सैल केली. संगीत थांबलं नाही. मागचं दार उघडलं आणि तो आत आला. रात्रीचा एक वाजला होता, शेजारच्या खोलीत आई झोपलेली. मी हेडफोन काढून ठेवले आणि मिनिटभर तसाच बसून राहिलो. तो किती दारं पाठलाग करेल हे पहिल्या खेपेला कळत नाही, आणि सहाव्या खेपेला कळत असलं तरी पोटातला गोळा जात नाही.

हा प्राणी घडला कसा, याची गोष्ट गेममध्ये कागदपत्रांच्या तुकड्यांतून आणि मालिकेच्या इतर भागांतून सांगितली आहे. मला ती इतकी आवडली की मी ती वहीत लिहून काढली. टी-व्हायरसने माणूस बहुधा मरतो किंवा झोंबी होतो. कोट्यवधींत एखाद्याचंच शरीर असं असतं की ते व्हायरस पचवून टायरंट होऊ शकतं. असा माणूस मिळणार कुठून? अम्ब्रेलाचा सेर्गेई व्लादिमिर नावाचा रशियन अधिकारी नेमका तसा निघाला आणि त्याने स्वतःचे क्लोन करू दिले. त्या क्लोनपासून टी-103 जातीचे टायरंट घाऊक तयार झाले. शरीर तयार झालं. बुद्धीचं काय? हवेलीतला आधीचा टायरंट जागा होताच त्याला जागं करणाऱ्यालाच भोसकून मोकळा झाला होता. ताकद आहे पण हुकूम कळत नाही, असा सैनिक विकत कोण घेणार?

यावर कंपनीच्या फ्रान्समधल्या प्रयोगशाळेने वेगळी वाट काढली. टायरंटचा मेंदू सुधारत बसायचं नाही, त्यात दुसराच मेंदू घालायचा. त्यांनी एनई-अल्फा नावाचा परजीवी तयार केला, जो यजमानाच्या शरीरात वाढतो आणि त्याचा ताबा घेतो. अडचण अशी की यजमान तग धरत नव्हते. अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत 1988 मध्ये लिसा ट्रेव्हर या मुलीच्या शरीरात तो घातला, तर उलटच झालं: तिच्या शरीरानेच परजीवी गिळून टाकला, आणि तिच्या तपासणीतून जी-व्हायरस या आणखी एका व्हायरसची वाट सापडली. (लिसाची गोष्ट 2002 च्या पहिल्या गेमच्या रिमेकमध्ये आहे. ती एकदा तरी वाचा, फार वाईट वाटतं.) परजीवीचा भार सोसेल असं दणकट शरीर शेवटी टी-103 मध्ये मिळालं. एकाचं शरीर, दुसऱ्याचा मेंदू, आणि वर काळा कोट चढवून तयार झालेला सैनिक.

आता मुद्द्यावर येतो. ही जन्मकथा मूळ गेममध्ये खेळताना हाताला जाणवते, आणि त्याच कारणासाठी मी तो जास्त मानतो. नेमेसिस रॉकेट लाँचर वापरतो, कारण तो हुकूम आणि हत्यार दोन्ही समजणारा सैनिक आहे. पडला तरी जखमा भरून परत उभा राहतो. वाटेतल्या इतर लोकांकडे तो फारसं बघत नाही, त्याचं काम जिल आहे. पोलीस ठाण्याच्या दारात तो ब्रॅड व्हिकर्सला मारतो, कारण ब्रॅडही स्टार्सचा होता. मला भीती वाटते ती त्याच्या ताकदीची कमी आणि या कामसूपणाची जास्त. जनावर भूक भागली की थांबतं. हा थांबणार नाही, कारण थांबायला त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

मूळ गेममध्ये अचानक स्क्रीन पांढुरका होतो आणि दोन पर्याय येतात, विचार करायला काही सेकंद. रेस्टॉरंटमध्ये तो आला की तळघरात पळायचं की स्वयंपाकघरात दबा धरायचा. स्वयंपाकघर निवडलं तर जिल पेटता दिवा फेकते, स्फोट होतो आणि तो काही वेळ आडवा पडतो. हार्ड मोडमध्ये त्याच्याशी लढून त्याला पाडलं तर तो वस्तू सोडतो. ईगल पिस्तुलाचे दोन भाग याच मार्गाने जमवावे लागतात. म्हणजे दर वेळी तोच प्रश्न: पळू की गोळ्या खर्च करू? चौथ्या खेपेपासून मी गनपावडर ए आणि बी मिसळून सी बनवायचो आणि ग्रेनेडमध्ये मिसळून फ्रीझ राउंड, म्हणजे गोठवणारे गोळे, साठवायचो. नेमेसिसवर ते फार चालतात. सगळी तयारी त्याच्याभोवती फिरायला लागते, तो समोर नसतानाही. गंमत म्हणजे हा गेम आधी मालिकेचा जोडभाग म्हणून सुरू झाला होता, नंतर त्याला तिसऱ्या भागाचा मान मिळाला. कदाचित म्हणूनच त्यात एकाच कल्पनेला इतकी जागा मिळाली असावी.

रिमेककडे येतो. दिसायला तो फार सुंदर आहे, डॉज (वार चुकवणं) वेळेवर जमला की होणारा आनंद खराखुरा आहे, आणि जिल इथे माणूस म्हणून जास्त उभी राहते. जिलच्या घराची भिंत फोडून नेमेसिस येतो ती सुरुवात उत्तम आहे. वीजकेंद्र सुरू करून बाहेर पडल्यावर तो शहरभर मागे लागतो, उडी मारून पुढ्यात येतो, अंगातून निघणाऱ्या सोंडेने पाय ओढतो. झोंबींच्या डोक्यात परजीवी सोडतो ही इथली नवी भर मला मनापासून आवडली, जन्मकथेशी ती पक्की जुळते. पण हा मोकळा पाठलाग थोडक्यात आटोपतो. पुढे तो बहुतेक ठरलेल्या प्रसंगांतच येतो, आणि घंटाघराच्या बाहेरच्या लढाईत तर चार पायांवर धावणारा पशू होतो. पहिल्या खेपेला मी दचकलो. चौथ्या खेपेला वाटलं, हा तो नव्हे. ज्याला हुकूम पाळता यावा म्हणून एवढा खटाटोप केला, त्याला अर्ध्या वाटेत जनावर करून टाकलं. मूळ गेममध्येही त्याचं शरीर बिघडत जातं, कोट जळतो, सोंडा बाहेर येतात, पण तो बराच काळ जिलच्या मागे चालत येणाराच राहतो. घंटाघराचा आतला भाग आणि पार्कही रिमेकमध्ये नाहीत, याचं दुःख वेगळंच.

2019 च्या दुसऱ्या भागाच्या रिमेकमधल्या टायरंटशी तुलना नेहमी होते. तो पोलीस ठाण्यात सतत फिरतो आणि त्याच्या बुटांचा आवाज वरच्या मजल्यावरून ऐकू येतो. पाठलाग म्हणून तो 2020 च्या नेमेसिसपेक्षा सरस आहे असं माझं मत पक्कं झालं आहे. कुठलाही घ्या, हेडफोन लावूनच खेळा.

मूळ गेमचे कंट्रोल्स पहिले दोन दिवस त्रास देतात. वर दाबलं की पात्र स्वतःच्या समोर जातं, कॅमेरा कुठेही असो. झटकन मागे वळायची सोय मालिकेत याच भागापासून आली, ती पहिल्या दिवशीच हाताला लावून घ्या. लाइट म्हणजे सोप्या मोडने सुरू करू नका, हातात असॉल्ट रायफल मिळते आणि भीतीच जाते. रिमेक मात्र स्टँडर्डवर एकदा आणि मग थेट हार्डकोर या अवघड पातळीवर खेळा.

माझा धाकटा भाऊ बरेचदा शेजारी बसून बघतो. एकदा त्याने विचारलं, "दादा, हा आधी कोण होता रे?" मी वही काढली आणि सांगायला लागलो, तेव्हा मलाच उमगलं की उत्तर 'कोणीच नाही' असं आहे. त्याचं शरीर क्लोनचं, मुळात दुसऱ्याच्या रक्तातून काढलेलं. मेंदू त्यात घातलेल्या परजीवीचा. त्याला घर नव्हतं, नाव नव्हतं, बालपण नव्हतं. जो शब्द तो बोलतो तोही हुकुमातला. त्या रात्रीनंतर माझी भीती कमी झाली नाही, पण तिच्यात दुसरं काहीतरी मिसळलं.

मूळ गेमच्या शेवटी रेलगन या विजेवर चालणाऱ्या प्रचंड तोफेचे झटके खाऊन तो फुटक्या मांसाचा गोळा होतो आणि तरीही जिलकडे सरपटत येतो. स्क्रीन पुन्हा पांढुरका होतो: याला संपवायचं की दुर्लक्ष करून निघायचं. पहिल्या तीन खेपांना मी घाईत निघून गेलो, कारण शहर नष्ट करायला क्षेपणास्त्र येणार असतं आणि वेळ कमी असतो. आता मी थांबतो आणि त्याला संपवतो.