एक्सेलचा तक्ता की होमर? डिझेल जनरेटर आणि बॅटरीचा हिशेब कशात मांडावा

दिंडोरी तालुक्यातील ज्या द्राक्षमळ्यापर्यंत वीजवाहिनी पोहोचलेली नाही, तिथे प्रीकूलिंगची, म्हणजे तोडलेली द्राक्षे लगेच थंड करण्याची खोली चालवायची असेल, तर सौर पॅनेल, डिझेल जनरेटर आणि बॅटरी यांचे प्रमाण खरेदीआधीच ठरवावे लागते. त्यासाठी स्वतः तक्ता मांडता येतो, किंवा अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत जन्मलेले ‘होमर’ हे सॉफ्टवेअर वापरता येते. तक्ता जवळजवळ फुकट पडतो, तर होमरचा परवाना विकत घ्यावा लागतो. तरीही केवळ किमतीवरून निवड करू नये, असे माझे ठाम मत आहे.

बहुतेक तक्ते फसतात ते डिझेलच्या ओळीत, कारण तिथे ‘युनिटला इतके लिटर’ असा एकच आकडा धरलेला असतो. समजा, २५ केव्हीएचा, म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरला (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा) २० किलोवॅटचा जनरेटर नुसता फिरत राहण्यासाठी तासाला १ लिटर आणि त्यावर प्रत्येक युनिटमागे पाव लिटर डिझेल घेतो. पूर्ण भाराला तासाला ६ लिटर, म्हणजे युनिटला ०.३० लिटर पडते. पण रात्री खोली थंड झाल्यावर भार ४ किलोवॅटवर उतरला, की तेच प्रमाण ०.५० लिटर होते. शिवाय दीर्घकाळ इतक्या कमी भारावर चालवल्यास न जळलेले इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते. तोच जनरेटर पूर्ण भारावर चालवून उरलेली वीज बॅटरीत भरली आणि बॅटरी भरताना-वापरताना मिळून १५ टक्के घट धरली, तरी बॅटरीतून मिळणारे युनिट सुमारे ०.३५ लिटरला पडते. मात्र त्यात बॅटरीची झीज मिळवायलाच हवी.

होमर हा हिशेब वर्षाच्या ८,७६० तासांसाठी करते, जनरेटर आणि बॅटरीच्या असंख्य आकारांची सांगड घालून पाहते आणि पर्यायांना आयुष्यभराच्या एकूण खर्चानुसार क्रम लावते. जनरेटरने फक्त भारापुरते चालावे की बॅटरीही भरावी, हेही त्यात पडताळता येते. जानेवारी ते एप्रिलच्या स्वच्छ उन्हात पहिली पद्धत बहुधा सरस ठरते, कारण रात्री डिझेलने बॅटरी भरून ठेवली तर सकाळच्या उन्हाला तिच्यात जागाच उरत नाही. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर आषाढातली सलग झड लागली की दुसरी पद्धत कामाला येते. मासिक सरासरीच्या तक्त्यात ही झड दिसतच नाही.

म्हणून एकच खोली आणि आधीच घेतलेला जनरेटर असेल, तर तासवार तक्ता पुरेसा आहे. मात्र त्यात वरीलप्रमाणे इंधनाचे दोन आकडे वेगळे धरावेत. सगळेच नव्याने घ्यायचे असेल, तर होमरवर खर्च करावा. दोन्ही मार्गांत एक गोष्ट सुटते: खोली थंड करणारा कॉम्प्रेसर थेट सुरू होताना नेहमीच्या पाच ते सातपट प्रवाह ओढतो आणि तो क्षण तासवार हिशेबात सापडत नाही. इन्व्हर्टर व जनरेटरची हा प्रवाह पेलण्याची क्षमता विक्रेत्याकडून स्वतंत्रपणे लेखी घ्यावी.