४२१ वरून ६८६ सीसी: नऊ महिने, साडेदहाशे मैल

आधी कबुली देतो. जुनी क्वॉड, म्हणजे डोंगरवाटांवर चालवायची चार चाकी मोटरसायकल (एटीव्ही), चढावर दम टाकते म्हणून मी मोठ्या इंजिनाची घेतली. जुन्या गाडीचा निम्मा दम मीच काढला होता हे नंतर कळलं. ते पुढे येईलच. तरी नवी घेतल्याचा पश्चात्ताप नाही, पण ज्या कारणासाठी घेतली ते कारण आज मी कुणाला सांगणार नाही.

राहायला शार्लट, नॉर्थ कॅरोलायना. आय-७७ धरून ट्रेलर ओढत उत्तरेला गेलं की अडीच-तीन तासांत वेस्ट व्हर्जिनियातलं ब्रॅमवेल येतं. एकेकाळी कोळसा खाणींच्या मालकांचं गाव, त्यांचे वाडे अजून उभे आहेत. आता त्याच वाड्यांसमोरून चिखलाने माखलेल्या क्वॉड पेट्रोल भरायला जातात आणि कुणी वळूनही बघत नाही. हॅटफील्ड-मॅकॉय ट्रेल्स या क्वॉडच्या जंगलवाटांच्या जाळ्याचा पोकाहाँटस भाग इथे आहे, पुढे इंडियन रिज आणि वॉरियर त्याला जोडलेले. २००० साली सुरू झालेलं हे जाळं आता हजार मैलांच्या वर गेलंय. हिरव्या खुणेची वाट सोपी, निळी मधली, काळी अवघड. कोलाडला नाहीतर लोणावळ्याला रिसॉर्टवर ज्यांनी दहा मिनिटांची फेरी मारली असेल त्यांनी ती विसरून जावी. इथे सकाळी आठला निघून संध्याकाळी पाचला अंग मोडून परत यायचं असतं.

माझ्याकडे यामाहा कोडियाक ४५० होती. नावात ४५० असलं तरी इंजिन ४२१ सीसीचं. चार वर्षं वापरली, तक्रार एकच. लांब, सुट्ट्या दगडांचा चढ आला की अंगठा थ्रॉटलवर (क्वॉडला वेग अंगठ्यानेच देतात) पूर्ण दाबलेला आणि गाडी नुसती ओरडतेय, पुढे मात्र बैलगाडीच्या चालीने. माझं वजन ९४ किलो. त्यावर हेल्मेट, बूट, छातीचं कवच, मागच्या रॅकवर दुरुस्तीची हत्यारं, पाणी, डबा. सव्वाशे किलोच्या आसपास जातं सगळं.

तीन वाटा होत्या. पहिली, आहे त्याच इंजिनात मोठा पिस्टन बसवायचा, म्हणजे बिग बोअर किट. कागदावर स्वस्त वाटतं. पण नुसता पिस्टन घालून भागत नाही. सिलिंडर आतून रुंद करून घ्या, इंधनाचं मॅपिंग बदला, सीव्हीटीच्या, म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरच्या, क्लचमधली वजनं बदला, वॉरंटी असेल तर ती गेलीच. आणि ज्या रेडिएटरने ४२१ सीसी थंड ठेवायचं त्याच्यावर जास्त उष्णता लादा. रेसिंगवाल्यांचं ठीक आहे, त्यांच्या मागे ट्रकमध्ये मेकॅनिक बसलेला असतो. मोबाईलला रेंज नसलेल्या दरीत मला घरी आणेल अशी गाडी हवी होती. तो विचार आठवडाभरात सोडला.

दुसरी वाट ८५०, दोन सिलिंडरची. डीलरचा माणूस मला तिकडेच ढकलत होता. एक फेरी मारली. अंगठा जरा हलला तरी झेप घेते, सरळ मातीच्या रस्त्यावर मजा आली, नाही म्हणत नाही. पण आमचा वेग दिवसभर धरला तर ताशी अकरा-बारा मैल. त्या झेपेचं करायचं काय? दगडांच्या पायऱ्यांवर एक धक्का बसून अंगठा चुकून दाबला गेला तर काय होईल, हेच डोक्यात राहिलं.

तिसरी वाट घेतली. यामाहा ग्रिझली ७००, एकच सिलिंडर, ६८६ सीसी, पॉवर स्टिअरिंगसकट. छापील किंमत दहा-अकरा हजार डॉलरच्या घरात, पण त्यावर डीलरने वाहतूक आणि जोडणीच्या नावाखाली जे लावलं ते ऐकून घाम फुटला. घासाघीस करून थोडं कमी झालं. घेणाऱ्यांनी पहिल्या फोनवरच विचारावं, सगळं धरून दारात किती.

आता फरक. ६८६ म्हणजे ४२१ च्या दीडपटीहून जास्त, आणि वजन त्या मानाने थोडंच वाढलेलं. मला वाटलं होतं वेगात फरक कळेल. वेगात फारसा नाही. फरक कळला तो सगळ्यात हळू जाताना. इंडियन रिजवर एक निळा चढ आहे, मधोमध पावसाने खणलेली नाळ, दोन्ही बाजूंना डोक्याएवढे धोंडे. जुन्या गाडीवर तिथे वेग घेऊनच घुसावं लागे, कारण मध्ये थांबलो तर पुन्हा उचलत नसे. वेग म्हणजे उड्या, उड्या म्हणजे हँडल हातातून निसटणं. नव्या गाडीवर लो रेंज (वेग कमी, जोर जास्त असा गिअर) टाकायची, अंगठा पाव दाबायचा, आणि ती टक-टक-टक करत एकेक धोंडा चढते. मध्ये थांबा, पुढचं चाक कुठे ठेवायचं ते बघा, पुन्हा निघा. गावी ट्रॅक्टर पहिल्या गिअरवर बांध चढताना जसा आवाज करायचा ना, अगदी तसा. मोठं इंजिन घेऊन मी हळू झालो, असं मित्रांना सांगतो तेव्हा ते हसतात.

उतारावरही तसंच. अंगठा सोडला की इंजिनच गाडी धरून ठेवतं. हे जुन्या गाडीतही होतं, सीव्हीटीची रचना दोन्हींत एकाच प्रकारची, पण मोठ्या सिलिंडरची पकड जास्त घट्ट. ओल्या पानांच्या उतारावर ब्रेकला हात न लावता खाली येतो. पहिल्या दोन फेऱ्यांत भीती वाटायची, आता सवय झाली.

आणि अंगठा. हे हसण्यावारी नेऊ नका. पूर्वी रविवारी रात्री उजवा अंगठा इतका सुजायचा की सोमवारी कीबोर्डवर स्पेसबार डाव्या हाताने दाबायचो. नऊ महिन्यांत तसं एकदाही झालं नाही.

मोठ्या इंजिनाची किंमतही मोजावी लागते, आणि ती शोरूममध्ये कुणी सांगत नाही. ७०० सीसी म्हटलं की पायांमध्ये शेगडी घेऊन बसल्यासारखं. जानेवारीत छान वाटतं. जुलैत पातळ पँट घालून गेलो आणि मांडीचा आतला भाग लाल करून आलो. पेट्रोलचंही गंमतशीर आहे. जुनीची टाकी ३.७ गॅलन, नवीची ४.८. मला वाटलं आता लांब जाता येईल. माझ्या हातात जुनी गॅलनला वीसच्या आसपास देत होती, ही पंधरा-सोळा. गुणाकार करून बघा, पल्ला दोन्हींचा सत्तर-पंचाहत्तर मैलच. टाकी मोठी झाली ती फक्त माझ्या खिशासाठी.

वजनाचा धडा मार्चमध्ये मिळाला. काळ्या चिखलाचं एक डबकं, कोळशाची पूड मिसळलेला तो गाळ डांबरासारखा चिकट असतो. बाजूने वाट होती. मी मधून गेलो, कारण सातशे आहे ना! डिफ लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) लावला, अंगठा दाबला, चारही चाकं फिरली आणि गाडी जागच्या जागी फूटरेस्टपर्यंत खाली बसली. जास्त ताकद म्हणजे जास्त वेगाने खड्डा खणणं, बाकी काही नाही. जुनी गाडी अशी रुतायची तेव्हा दोघे मागचा रॅक धरून तिला बाजूला सरकवायचो. इथे तिघे लागलो तरी हलेना. शेवटी ओकच्या खोडाला रुंद पट्टा गुंडाळला, विंचचा (गाडीवरच्या मोटरच्या चरखीचा) दोर लावला आणि वीस मिनिटांत बाहेर निघालो. विंच आधीपासून होता म्हणून. एकटे जाणार असाल आणि विंचचे पैसे उरत नसतील, तर इंजिन लहान घ्या.

आता ती कबुली. जुनी गाडी मी ग्रुपमधल्या एका सोलापूरच्या मित्राला विकली. कंपनीकडून तिला २५ इंची टायर होते. दुसऱ्या वर्षी दिसायला भारी म्हणून मी २७ इंची, जाड रबराचे, चिखलाचे टायर टाकले होते. टायर दोन इंचांनी मोठा म्हणजे गिअरिंग आठ टक्क्यांनी उंच, वर रबराचं वजन वेगळं. त्या गाडीला मी कायम अर्धा गिअर वर ठेवून चढ चढायला लावत होतो आणि दोष इंजिनाला देत होतो. क्लचमधली वजनं बदलली असती तरी बरंच काम झालं असतं. मला तेव्हा माहीतच नव्हतं.

मित्राने ते टायर काढून २५ चे घातले. कारण साधंच, त्याला बसताना गाडी उंच वाटत होती. तो ६८ किलोचा, सामानात एक पाण्याची बाटली आणि चिवडा.

मागच्या महिन्यात इंडियन रिजच्या त्याच निळ्या चढावर तो माझ्या पुढे होता. मी मध्ये थांबत, धोंडे बघत, टक-टक करत वर पोचलो. तो हेल्मेट काढून माझ्या जुन्या गाडीच्या सीटवर मांडी घालून बसला होता आणि चिवड्याची पिशवी निम्मी झाली होती.